वाव्हळे सरांचा समुद्र

५ मे १९७८, शुक्रवार. गंगाखेड.

नवी डायरी सुरू. जुनीत सात जानेवारीनंतर काही नाही. तिचा कागद शाई पीत होता, त्याला मी काय करणार.

बोटीची तिकिटं आली. मद्रास ते पोर्ट ब्लेअर, अंदमान. मध्ये सगळा बंगालचा उपसागर. बावीस वर्षं हा उपसागर मी फळ्यावर काढतोय, खडूच्या एका रेघेत येतो. आता प्रत्यक्ष पाहणी.

पंचफुलाचं म्हणणं, पाहणी कसली, लेकीच्या बाळंतपणाला चाललोत. तिच्यापुरतं ते खरं आहे. मालनला आठवा लागला, आई जवळ पाहिजे. माझा हेतू भौगोलिक आहे.

जावयाबद्दल एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. दिनकर मूळचा पिंगळीचा. पिंगळीला मुलगी दिली ती अशासाठी की सकाळच्या गाडीने जावं, तिच्या हातचा चहा घ्यावा, संध्याकाळच्या गाडीने घरी यावं. लग्नाचा मांडव निघतो न निघतो तोच यांनी बांधकाम खात्यात ओव्हरसीअरची नोकरी धरली, ती थेट अंदमानात. मला विचारलं नाही. सांगितलं. त्याला दोन वर्षं झाली. मी रागावलेलो नाही. फक्त बोलत नाही, आणि पत्रात त्याचं नाव लिहीत नाही.

निश्चय: बोटीवर रोज वारा, दिशा, अक्षांश-रेखांश यांची नोंद. कॅप्टनची भेट. परत आल्यावर शाळेत नकाशासह व्याख्यान. आणखी एक निश्चय आहे, तो पंचफुलाला सांगितलेला नाही. परतीच्या बोटीने मालनला गंगाखेडला घेऊन यायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे. समोर उभं राहून नुसतं 'चल' म्हटलं की ती येते. लहानपणी यायची.

८ मे, सोमवार.

सी-सिकनेसवर वाचन केलं. बोट हलते म्हणून उलट्या होतात हा गैरसमज. मनाचा दुबळेपणा, दुसरं काही नाही. मला काळजी नाही. मी गोदेकाठी वाढलो. पुरात पोहलेला माणूस आहे. पूर ओसरायला लागला होता, पण पूर तो पूर.

काळजी पंचफुलाची. तिला एस्टीत आजवर कधी मळमळलं नाही हे खरं, पण एस्टी म्हणजे समुद्र नव्हे. प्रॅक्टिस म्हणून अंगणातल्या लिंबाला झोका बांधला. तिला बसवून मोठाले झोके दिले. म्हणाली, लहानपनानंतर आज बसायले, आनखी द्या. शेजारची कडूबाई आली, तीही बसली. दोघी हसत होत्या. ट्रेनिंगचा हेतू त्यांच्या लक्षात आला नाही.

मग योग्य पद्धत दाखवावी म्हणून मी बसलो. थोड्या वेळाने उतरलो. आडवा झालो. दुपारी शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. उन्हाळ्यात शेवगा बाधतो. झोक्याचा संबंध नाही.

१३ मे, शनिवार.

निकालाच्या कामाला स्टाफ जमला होता, त्यात माझा निरोपसमारंभ उरकला. मी 'समुद्र आणि मानव' या विषयावर बोललो. उकाडा फार होता म्हणून काही जण बाहेर गेले. मुख्याध्यापक तात्याराव यांनी शाळेचं होकायंत्र सही घेऊन दिलं. गणिताचे भगवानराव यांनी ओकारीच्या गोळ्यांची पट्टी खिशात कोंबली. त्यांचा भाऊ कंपाउंडर आहे. मी हसलो. ते हसले नाहीत. गणितवाल्यांना विनोद कळत नाही.

१७ मे, बुधवार. रेल्वेत, सिकंदराबादच्या पुढे.

स्टेशनावरच्या उर्दू पाट्या पंचफुलाला वाचून दाखवल्या. आमची पिढी निजामाच्या शाळेत शिकलेली. भूगोलाला तेव्हा जुगराफिया म्हणायचे. तिला विचारलं, समुद्राला उर्दूत काय म्हणतात माहीत आहे का. ती दशम्या सोडत होती. म्हणाली, तिथं गेल्यावर बघू की, काय म्हनायचं ते. समोरच्या बाकावरच्या बाईला तिने जवसाची चटणी दिली. चटणी बोटीपर्यंत पुरवायची आहे हे डोळ्यांनी सुचवलं. तिने बघितलं नाही.

१८ मे, गुरुवार. मद्रास.

समुद्र पाहिला.

अपेक्षेप्रमाणेच आहे.

(नंतर.) पंचफुला म्हणाली, "लय पानी हाय हो." मी पृथ्वीवर पाणी किती आणि जमीन किती ते सांगायला लागलो. ती लुगडं वर खोचून लाटांत जाऊन उभी राहिली. हाक मारत होती, या म्हणून. बूट काढायला वेळ लागला असता. मी रेतीत उभा राहून पाहणी केली. डोळ्यांत पाणी आलं ते खाऱ्या वाऱ्याने. बावीस वर्षं शिकवलेली गोष्ट, एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. हे वाक्य व्याख्यानात घ्यायचं नाही.

१९ मे, शुक्रवार. बोटीवर. संध्याकाळ.

चढलो. बोट म्हणजे लोखंडी गावच. आम्ही खालच्या मजल्यावर, बंक क्लासात. एकावर एक लोखंडी पलंग. वरचा मी घेतला, निरीक्षणाला उंची बरी. भोवती तेलुगू मजूर, रांचीकडचे आदिवासी, बंगाली कुटुंबं. शेजारच्या पलंगावर सुब्बम्मा नावाची तेलुगू म्हातारी. लेकाकडे चाललीय. तिला मराठी येत नाही, पंचफुलाला तेलुगू येत नाही. दोघी केव्हाच्या बोलायल्यात.

एक तेलुगू कुटुंब फार घाबरलेलं दिसलं. भगवानरावांची पट्टी त्यांना देऊन टाकली. सगळी. मला काय करायची. बाईने हात जोडले.

दोन तास झाले, पंचफुलालाही दाखवलं, मला काहीही होत नाही. इंजिनची घरघर ऐकू येते, पण डोकं शांत, पोट शांत. डेकवर गेलो तेव्हा एका मद्रासी क्लार्कला समजावलं की सगळा खेळ मनाचा आहे. मन खंबीर ठेवलं की बोट चालते आहे हे कळतसुद्धा नाही. तो म्हणाला, बोट अजून धक्क्याला बांधलेली आहे, सुटायला वेळ आहे.

तरी मुद्दा बदलत नाही.

२० मे, शनिवार. सकाळ.

उत्साह चांगला. उठून होकायंत्र घेऊन डेकवर. चोहीकडे पाणी, जमीन कुठेही नाही. क्षणभर बरं वाटलं नाही, मग वाटलं. सुईने दिशा पाहिली आणि धक्का बसला. बोट पश्चिमेला चालली होती, म्हणजे उलट, परत मद्रासकडे. जबाबदार नागरिक म्हणून एका खलाशाला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं. घबराट पसरू नये म्हणून हळू आवाजात. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग नुसतं बोट करून दाखवलं. बोटीच्या नाकासमोर सूर्य उगवत होता.

लोखंडाजवळ होकायंत्र बिघडतं हे आठवीच्या पुस्तकात आहे. मीच शिकवतो. पण चांगल्या प्रतीचं होकायंत्र इतकं बिघडायला नको. शाळेची खरेदी तात्यारावांची.

कॅप्टनला इंग्रजीत चिठ्ठी पाठवली: गंगाखेड येथील भूगोल-शिक्षक भेटू इच्छितात.

दुपार.

वारा वाढला. बोट पुढून वर जाते, थांबते, मग खाली

संध्याकाळ.

वरचं वाक्य पूर्ण करता आलं नाही. त्याला उलटी म्हणता येणार नाही. पोट रिकामं झालं इतकंच, आणि पोट रिकामं असावं असं आयुर्वेदात आहे. खालच्या पलंगावर आलो. पंचफुला वर गेली. म्हणाली, वरून लय भारी झोका बसतो.

२१ मे, रविवार.

आडवा.

(नंतर, पेन्सिलने.) वारा: आहे. दिशा: सगळ्या. अक्षांश विचारू नये.

जेवणाची घंटा झाली. माशांच्या कालवणाचा वास जिन्यावरून खाली आला, आणि माझी हालत. पंचफुला आणि सुब्बम्मा जेवून आल्या. पंचफुला सांगत होती, मोठे मासे पान्यातनं उड्या मारायलेत, चला की वर. मी म्हणालो, मला माहीत आहे, डॉल्फिन. माहीत असलं की बघायची गरज नसते.

तेलुगू कुटुंब तिकडे पत्ते खेळतंय. पंचफुलाला म्हणालो, सहज विचारून ये, गोळ्या उरल्या असतील आणि त्यांना नको असतील तर. तिने एक आणून दिली. घेतली. ती आत राहिली नाही.

बशीरमियाँ म्हणून बोटीवर भटारखान्यात आहेत, हैदराबादचे. पंचफुलाची दखनी त्यांना आपल्या घरची वाटली म्हणून विचारपूस करायला खाली आले. मी उर्दूत खुलासा केला, की मी जुगराफियाचा मास्तर आहे, ही तात्पुरती गोष्ट आहे. ते म्हणाले, "मास्टरसाब, जुगराफिया उधर रख दो. आँखाँ बंद करके पड़े रहो." लिंबू दिलं.

डोळे मिटून पडलो.

एक गोष्ट सारखी मनात येतेय, लिहून टाकतो म्हणजे जाईल. मालन याच समुद्रावरून गेली होती. दोन वर्षांपूर्वी, लग्न होऊन चार महिने झालेली पोर. अशाच कुठल्या तरी लोखंडी पलंगावर पडली असेल. पोचल्यावर तिचं कार्ड आलं होतं: प्रवास सुखाचा झाला. मी ते कार्ड वाचून कोनाड्यात ठेवलं आणि म्हणालो, बघा, हिला गंगाखेड सुटल्याचं काहीच नाही.

बोट फार हलते आहे.

२२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.

आजचा प्रोग्रॅम आधीच ठरलेला होता. संध्याकाळी डेकवर प्रवाशांना पौर्णिमा आणि भरती-ओहोटी समजावून सांगायची, मग वंदना. मुद्दे काढून आणले होते.

मी वर जाऊ शकलो नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून परत आलो. आजारपण नाही, खबरदारी.

काय झालं ते पंचफुलाकडून कळलं. आभाळ उघडलं होतं. तिने आडोशाला मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं. सुब्बम्मा हात जोडून शेजारी बसली. मग बंगाली बाया आल्या, मजूर आले. बशीरमियाँनी पातेलंभर खीर पाठवली, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. चंद्र वर आला तेव्हा सगळ्यांनी खीर खाल्ली. माझ्या वाटची वाटी तिने खाली आणली. मी भिंतीकडे तोंड केलं. तिने ती माझ्या उशाशी बसून स्वतःच खाऊन टाकली. मग माझ्या कपाळावर हात ठेवला. तीन वेळा विचारलं, जास्त होतंय का. मी प्रत्येक वेळी म्हणालो, नाही.

तिला विचारलं, भरतीचं कुणी विचारलं का. म्हणाली, न्हाई.

कॅप्टनची भेट झाली. म्हणजे ते राऊंडला आले. माझी चिठ्ठी त्यांच्या हातात होती. पंचफुलाला विचारलं, टीचर कुठे आहेत. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी झोपेत असल्यासारखा होतो. त्यांनी टोपीला हात लावला आणि पुढे गेले. संभाषण त्रोटक, पण सौजन्याचं.

२३ मे, मंगळवार. पोर्ट ब्लेअर. संध्याकाळ.

पोचलो. मजकूर नीट आणि क्रमाने लिहितो.

सकाळी बेटं दिसली म्हणून गलका झाला. मी कोट घातला. ठरवलेलं असं होतं: शिडीवरून ताठ उतरायचं, मालनला जवळ घ्यायचं, जावयाला मान हलवायची, बोलायचं नाही. बोललं तर 'सामान तिकडे' इतकंच. ठेवणीतला रुमाल काढून ठेवला होता.

शिडीपर्यंत आलो. खाली धक्का. बोटीची भिंत आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक काळी फट होती, आणि ती मोठी होत होती, लहान होत होती. माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, तेच थांबले. मागे माणसं. पंचफुला माझ्या मागे पिशव्या घेऊन. कुणीतरी तेलुगूत काही म्हणालं.

तेवढ्यात खालून एक माणूस शिडी चढून वर आला. काळा पडलेला, अंगाने भरलेला, बांधकामावरची खाकी पँट. मी ओळखलं नाही. त्याने वाकून नमस्कार केला, जय भीम म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मला वाटलं याचं काही पडलं आहे. पंचफुला म्हणाली, "बसा की आता पाठीवर. लाजू नका."

मी जावयाच्या पाठकुळी बसून अंदमानात उतरलो.

शिडीच्या मधोमध बोट हलली. ती काळी फट पुन्हा बरोबर खाली आली. मी त्याच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि म्हणालो, "दिनकरराव, सोडू नका."

तो म्हणाला, "नाही सोडत, मामा."

दोन वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे असं झालं. 'राव' कसं तोंडातून आलं कळत नाही. समुद्रावर हवेचा दाब कमी-जास्त असतो.

खाली मालन उभी होती. पोट एवढं मोठं. एकदम बाईमाणूस झालीय. हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. मी दिनकरच्या पाठीवरूनच तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग उतरलो.

२४ मे, बुधवार.

जमीन अजून हलते आहे. अंदमान भूकंपाच्या पट्ट्यात येतं, सौम्य धक्के असावेत. जावयाला सांगितलं. (खिडकीतून बाहेर बघत सांगितलं, म्हणजे थेट बोलल्यासारखं नव्हे.) तो म्हणाला, आम्हाला काही जाणवलं नाही मामा, पण तुम्ही पडून राहा. नम्र आहे. नम्रपणाने मी फसणारा नाही.

लाकडी घर, पत्र्याचं छप्पर, मागे नारळ. टेकडीवर आहे. सगळ्या खिडक्यांतून समुद्र दिसतो. माझी खाट भिंतीकडे वळवून घेतली.

२६ मे, शुक्रवार.

आज 'चल' म्हणायचं ठरवलं होतं. परतीची बोट ३१ तारखेला. दुपारी पंचफुला आणि जावई बाजारात गेलेले. मालन ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

म्हणालो, "तू आलीस तेव्हा बोटीत त्रास झाला होता का?"

हे म्हणायचं ठरलेलं नव्हतं.

ती सुपात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "लय झाला, दादा. चारी दिस उठले न्हाई. हेच सगळं करत होते माझं."

"कार्डावर सुखाचा झाला लिहिलंस."

"खरं लिवलं असतं तर तुमी म्हनले असते, म्या सांगितलंच होतं."

मी तसं म्हणालो असतो की नाही याचा बराच विचार केला. म्हणालो असतो. जास्तही म्हणालो असतो. पिंगळीच्या गाड्यांचं टाईमटेबल पाठवलं असतं.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, तुमाला बी झाला का. मी म्हणालो, मला नाही, थोडी कणकण होती. ती हसायला लागली. पोटाला हात लावून हसत होती. मीही थोडा हसलो. त्या समुद्रावर आठव्या-नवव्या महिन्याच्या बाईला घालणं हा मूर्खपणा आहे. असा विचार कोण करू शकेल मला समजत नाही.

निश्चय मागे घेतला असं नाही. असा काही निश्चय नव्हताच, असं समजावं.

३० मे, मंगळवार.

उद्या बोट. मूळ बेत, मालन नाही आली तरी मी एकट्याने परतायचं, पंचफुला इथे राहणार. पण विचार केला. घरात बाळंतपण. रात्री-अपरात्री धावपळ. एक पुरुष माणूस घरात हवा. पंचफुला म्हणाली, दिनकर हाय की. मी म्हणालो, दुसरा.

जावयाने लगेच तिकीट पुढच्या बोटीचं करून आणलं. काही विचारलं नाही. हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसतो. तो पूल कसा बांधतात ते सांगतो. मी मधूनमधून दुरुस्ती सुचवतो. तो ऐकून घेतो. पिंगळीच्या स्टेशनाची आठवण निघाली. तिथल्या चिंचेखाली बसून त्याने ओव्हरसीअरच्या परीक्षेचा अभ्यास केला होता म्हणे. मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, असंही म्हणता येईल.

तरी नोकरी घेताना विचारायला हवं होतं. हे माझं मत कायम आहे. बोलून दाखवलं नाही, कारण तो तेव्हा माझ्यासाठी शहाळं फोडत होता.

९ जून, शुक्रवार.

मुलगी झाली. पहाटे, इथल्या दवाखान्यात. दोघी सुखरूप.

बाळंतिणीच्या खोलीबाहेर मी अत्यंत शांत होतो. दिनकरराव येरझारा घालत होते, त्यांना धीर दिला. नर्सने नंतर मलाच पाणी आणून दिलं, ते चुकून.

हातात घेतली. फार हलकी आहे. नाक पंचफुलाचं. मी तिला ही उजवी बाजू पूर्व, ही डावी पश्चिम, असं सांगितलं. तिने जांभई दिली. हुशार वाटते.

नावाचा विषय निघाला. दिनकरराव म्हणाले, सागरिका. मी म्हणालो, नाव आयुष्यभर वागवायचं असतं, सावकाश ठरवू. मालन पडल्यापडल्या हसली. पंचफुला म्हणाली, समुद्रानं एवढं काय केलं तुमचं.

१२ जून, सोमवार.

बोट परवा. शाळा उघडायची वेळ झाली. तात्यारावांची तार आली, कधी येता. घरात कुणी काही म्हणत नाही, फक्त माझे कपडे धुऊन-वाळवून घडी घालून ठेवलेले दिसतात.

दुपारी दिनकररावांना सहज विचारलं, मद्रासला जायचा दुसरा काही रस्ता आहे का. त्यांनी विमानाचं सांगितलं. कलकत्त्याला जातं. ते हलतं का, विचारलं. म्हणाले, हलत नाही मामा, पण कधी कधी एकदम खाली गेल्यासारखं होतं. मी म्हणालो, ते सोडा. दुसरं काही? जमिनीवरून?

ते जवळ सरकले. मग अगदी हळू म्हणाले, "मामा, हे बेट आहे."

बेट म्हणजे चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. बावीस वर्षं पाठ करून घेतलंय. न आलं तर छड्या दिल्यात. व्याख्या बरोबर आहे. आपल्याला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

१४ जून, बुधवार.

चार दिवस पाऊस होता, आज उघडला. सकाळी पंचफुला आणि दिनकरराव मला पोचवायला धक्क्यावर आले. मालन बाळाला घेऊन घरी राहिली. निघताना म्हणाली, "दादा, नीट जावा, आन् पोचल्यावर खरं खरं लिवा."

धक्क्यावर आलो. ती शिडी. ती फट. मी पिशवी खाली ठेवली आणि पंचफुलाला समजावून सांगितलं, की बारसं झाल्याशिवाय आजोबाने निघणं बरं दिसत नाही. शिवाय दिनकररावांच्या पुलाचं काम अर्धवट आहे, त्यांना सल्ल्याची गरज पडेल. शिवाय शाळेत पहिला आठवडा प्रवेशाचाच असतो, भूगोल कुणी शिकवत नाही.

ती म्हणाली, "राहा की मग. कोन जा म्हनायलंय तुमाला?"

दिनकरराव तिकीट परत करायला गेले. त्यांच्याचकडून तात्यारावांना तार करवली: हवामान प्रतिकूल, निघणे अशक्य.

बोट सुटली. हळूहळू वळली. समुद्र परातीसारखा सपाट होता, एक लाट नव्हती. कठड्याला माणसं उभी होती, हात हलवत होती. निरोप द्यावा म्हणून मीही धक्क्यावरून हात हलवला, आणि बोट पुढे सरकताना बघितलं.

मग थोडं गरगरलं. दिनकररावांचा हात धरून खाली बसलो.